माळावर निघालीस, तर हे ऐक

अगं, तुझा आराखडा रात्री निवांत वाचला. मैत्रीण गाडीने लँडरला सोडणार, तिथून जेफ्री सिटी, रोलिन्स, साराटोगा, वॉल्डन, आणि कॅमेरॉनची खिंड ओलांडून थेट फोर्ट कॉलिन्सला तुझ्या खोलीवर. रस्ता सुरेख निवडलायस. परक्या गावात सायकल खोक्यात भरण्यापेक्षा आपल्याच दाराला टेकवून शेवट करायचा, हे तर मला फारच आवडलं. फक्त पहिल्याच ओळीला अडले. ‘दिवस पहिला : लँडर ते रोलिन्स, २०० किमी.’ ती ओळ खोड. त्याचे दोन दिवस कर. आणि जमलं तर आणखी एक दिवस मोकळा ठेव, कशासाठीच न ठरवलेला.

आता लगेच उलटं उत्तर देऊ नकोस, की पुणे–कोल्हापूर तू एका दिवसात मारलं होतंस. माहीत आहे मला. तुझ्या पायांबद्दल शंकाच नाही. मला धास्ती आहे ती तुझ्या सोसण्याची. तहान लागलीय, पण पुढच्या गावी बघू. दुखतंय, पण सांगायचं कशाला. भीती वाटतेय, पण म्हणून काय थांबायचं? आपल्या घरात मुलीच्या अंगी हे असलं की कौतुक होतं. आपल्या हायवेवर ते खपूनही जातं, कारण दर पाच-दहा किलोमीटरला चहाची टपरी असते, कुणीतरी ‘काय झालं ताई’ विचारतं. त्या माळावर नाही खपत.

माळ म्हणजे केवढा, ते आधी डोक्यात घे. अख्ख्या वायोमिंग राज्यात २०२० च्या जनगणनेत पावणेसहा लाख माणसं भरली. २०११ ला एकट्या कोल्हापूर शहरात साडेपाच लाख होती. आणि वायोमिंगचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या चार-पंचमांशाहून जास्त आहे. तू जिथून जाणार तिथे तर ही विरळ माणसंही नाहीत. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरवरचं पठार, करड्या-रुपेरी सेजब्रशची गुडघाभर उंचीची झुडपं नजर पोचेल तिथवर, रस्त्याच्या दोन्ही अंगांना तारेचं कुंपण, आणि वारा. झाड नाही. सावली हवी असेल तर ती सोबत न्यावी लागते.

हा रस्ता सायकलवाल्यांना नवा नाही, हे मात्र चांगलं आहे. १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली, तेव्हा ‘बाइकसेंटेनिअल’ नावाचा सोहळा झाला आणि चारेक हजार माणसं सायकलवर या वाटेने निघाली. ओरेगनपासून व्हर्जिनियातल्या यॉर्कटाउनपर्यंत, सुमारे ६,८०० किलोमीटर. त्यातूनच पुढे मिसूलाची ‘ॲडव्हेंचर सायकलिंग असोसिएशन’ उभी राहिली. ते त्या ट्रान्सॲम वाटेचे नकाशे काढतात. त्यातला वायोमिंगचा भाग विकत घे. फोनवरचा नकाशा रस्ता दाखवतो. पाणी कुठे मिळेल, पुढचं दुकान किती लांब, हे या नकाशांवर असतं. फोनला तिथे मैलोन्‌मैल रेंज नसते, तेव्हा कागद हँडलवरच्या पिशवीत दिसेल असा ठेव.

पाण्याचं बोलू. लँडरहून निघताना सहा लिटर घे. हो, सहा किलो. तंबू हलका घे, पुस्तक ठेवून जा, दुसरी जीन्स तर अजिबात नको, पण पाणी सहा लिटर. हवा इतकी कोरडी असते की घाम आलाय हे कळतच नाही. अंगावर नुसतं मीठ राहतं आणि तुला वाटतं आपण ताज्यातवान्या आहोत. वाटेत स्वीटवॉटर स्टेशनला रस्त्याकडेचं विश्रांतिस्थळ आहे, तिथे थांब, तोंड धू, बाटल्या भर. पण त्या नळावर हिशेब बसवू नकोस, तो बंद असला तरी तुझं भागलं पाहिजे. नुसतं पाणी पीत सुटू नकोस, त्यात मिठाचा अंश हवा. ओआरएसची पाकिटं दिवसाला दोन तरी धर.

डबक्यातलं पाणी गाळून पिऊ, असं तुझ्या यादीत दिसलं. डोंगरात ठीक आहे, या पठारावर नाही. इथल्या कितीतरी तळ्यांच्या काठांवर पांढरी साय धरलेली दिसेल. तो क्षार आहे, आणि तुझ्या त्या फिल्टरमध्ये जंतू अडतात, क्षार अडत नाहीत. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी बैलगाड्या घेऊन पश्चिमेकडे निघालेल्या लोकांचे बैल असलं पाणी पिऊन मेले. त्याच लोकांच्या बायका मात्र इंडिपेंडन्स रॉकजवळच्या तळ्यांकाठचा तो पांढरा थर खरवडून घ्यायच्या आणि सोडा म्हणून पावाच्या पिठात घालायच्या.

आता जे फोनवर आई शेजारी असताना बोलता येत नाही ते. तू पाणी का कमी पितेस, मला ठाऊक आहे. आपल्याला शाळेपासून तेच शिकवलं. शाळेतला संडास घाण, म्हणून पाणी पिऊ नको. एस.टी.ने लांब जायचंय, म्हणून पाणी पिऊ नको. लग्नघरात सोय नाही, म्हणून पिऊ नको. हे आपल्या अंगात इतकं मुरलंय की मोठेपणी ठरवावं लागत नाही, हात आपोआप बाटलीपासून लांब राहतो. आणि इथे तर आडोसाच नाही, तेव्हा तू पहाटेपासून घोट-घोट मोजायला लागशील. तसं करू नकोस गं. दर वीस मिनिटांनी पी, तहान असो वा नसो, आणि लागेल तेव्हा उतर. रस्ता सरळ असतो, येणारी गाडी दोन-तीन किलोमीटरवरून दिसते, शांतता एवढी की आवाज त्याच्याही आधी येतो. सायकल रस्त्याच्या बाजूला आडवी लाव, तिच्यामागे बस. सोबत एक सुती पंचा ठेव, आपला साधा मोठा पंचा. कमरेला गुंडाळला की झालं. तोच दुपारी ओला करून मानेवर, तोच रात्री टॉवेल, तोच सकाळी डोक्याला. माझ्या तिथल्या प्रवासात पंच्याइतकी कामाची दुसरी वस्तू नव्हती. लघवीचा रंग बघत जा, हे तू डॉक्टरच्या पोरीसारखी मलाच शिकवतेस: गडद पिवळं दिसलं की तिथेच थांबून अर्धा लिटर प्यायचं, पुढच्या वळणाची वाट बघायची नाही. नाहीतरी वळण येतच नाही.

आणि लाज वाटली तर हे आठव. त्याच वाटेने, स्वीटवॉटर नदीच्या काठाने, १८४० ते १८६० च्या दशकांत लाखो माणसं चालत आणि गाड्यांतून गेली. त्यातल्या बायकांच्या डायऱ्यांवर लिलियन श्लिसेल यांनी १९८२ मध्ये पुस्तक केलं. त्यात आहे की झाडझुडूप नसलेल्या त्या माळावर दोघी आपले घेरदार झगे पसरून उभ्या राहायच्या आणि त्या पडद्याआड तिसरी बसायची. वाचल्यावर मी कितीतरी वेळ त्या बायकांचाच विचार करत होते. एकीची सोय दुसरीने अंगावरच्या कपड्यांनी केली, कुणी कुणाला ‘थोडं सोस’ म्हणालं नाही.

पाळीचंही आत्ताच ठरव. तारखा त्या आठवड्यात येत असतील तर निघायचं पुढे ढकलायची गरज नाही, पण कप वापरायचा असेल तर तो आधी घरी दोन महिने वापरून बघ. पहिल्यांदाच तंबूत वापरायचा नाही. पॅड असतील तर वापरलेले सोबतच न्यायचे, घट्ट चेनच्या दोन पिशव्या त्यासाठी वेगळ्या ठेव. सायकलच्या चड्डीखाली आतली चड्डी घालायची नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. मुक्कामाला पोचल्यावर ती चड्डी पहिल्या पाच मिनिटांत उतरवायची, हे फारसं कुणी सांगत नाही. मग तंबू, मग स्वयंपाक, मग फोटो. ओल्या चड्डीत तासभर गप्पा मारल्या की दुसऱ्या दिवशी सीटवर बसवत नाही. मलम रोज लाव, पुरळ दिसायच्या आधीपासून. आणि युनिव्हर्सिटीच्या दवाखान्यात जाऊन सांग, मी आठवडाभर आडरानात असणार आहे, लघवीचा जंतुसंसर्ग झाला तर काय घ्यायचं ते लिहून द्या. औषध सोबत असू दे. हे सांगताना आवाज खाली आणायचं काही कारण नाही.

वारा. इथला वारा बहुतेक पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. लँडरहून रस्ता आधी आग्नेयेला, मग पूर्वेला जातो, म्हणजे बीव्हर रिमचा चढ एकदा चढलीस की वारा पाठीशी. जेफ्री सिटीपर्यंतचे पंचाण्णव किलोमीटर झरझर जातील आणि तुला वाटेल, ताई उगाच घाबरवते, जाऊ या पुढे. खरी गोष्ट पुढे आहे. मडी गॅपला रस्ता उजवीकडे वळतो आणि रोलिन्सपर्यंतचे सत्तरेक किलोमीटर दक्षिणेकडे जातो. तोच वारा आता समोरून आणि उजव्या खांद्यावरून. दुपारी अकरानंतर ऊन तापलं की तो वाढत जातो. म्हणजे तुझ्या आराखड्याप्रमाणे सगळ्यात वाईट तुकडा, सगळ्यात वाईट वेळी, सव्वाशे किलोमीटर चालवून झाल्यावर. म्हणून जेफ्री सिटीला थांबायचं, झोपायचं, आणि पहाटे साडेचारला उठून फटफटलं की निघायचं. अकराच्या आत रोलिन्सच्या जवळ असलीस तर तो दिवस फार सुंदर आहे.

वाऱ्यात एक गोष्ट लक्षात ठेव. तू उजवीकडच्या वाऱ्यावर रेलून चालवत असतेस. समोरून मोठा ट्रक येतो, आणि तो तुझ्या शेजारून जाताना हवेचा असा भोवरा उठवतो की अंगावरचा वारा क्षणभर नाहीसाच होतो. दाराला टेकून उभं असताना आतून कुणीतरी दार उघडावं, तशी तू तिकडे जातेस. लगेच पुढच्या क्षणी दुप्पट जोराने परत ढकलतो. म्हणून समोरून ट्रक दिसला की हँडलवरचे हात सैल, कोपर वाकवलेले, सीटवर थोडं मागे, आणि डांबराच्या कडेपासून दीड हात आत राहा. कडेला डांबरात कोरलेल्या खाचांची पट्टी असते, तिच्यावर चाक गेलं तर हात हँडलवरून सुटू शकतात. वारा अंगाला झेपेना झाला तर उतर आणि चाल. चालणं म्हणजे हरणं, हे कुणी ठरवलं? २०१६ मध्ये याच वाटेवरची ट्रान्सॲम शर्यत लाएल विल्कॉक्स या बाईने सगळ्या पुरुषांना मागे टाकून अठरा दिवसांत जिंकली. तिचं मला अतोनात कौतुक आहे. पण तू शर्यतीला निघालेली नाहीस.

जेफ्री सिटी नावातच सिटी आहे. तिथे युरेनियम सापडलं, १९५७ मध्ये गिरणी उभी राहिली, १९८० च्या आसपास चार-साडेचार हजारांची वस्ती होती. १९७९ मध्ये थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीचा अपघात झाला, युरेनियमला गिऱ्हाईक राहिलं नाही, आणि दोन-चार वर्षांत माणसं घरंसुद्धा चाकांवर चढवून घेऊन गेली. आता मोजकी डोकी उरलीत. रिकामे रस्ते, त्यांच्या कडेला फुटपाथ आहेत पण घरं नाहीत. मात्र तिथलं चर्च सायकलवाल्यांना आत झोपू देतं. आधी चौकशी करून ठेव, कारण अशी सोय कुणीतरी एक-दोघं चालवत असतात आणि ती माणसंही थकतात. आतल्या भिंतींवर आजवर येऊन गेलेल्यांनी आपापली नावं, गावं, तारखा लिहिल्या आहेत. संध्याकाळी एक डबा पोहे भिजवून खा (दोन हजार मीटरवर पाणी त्र्याण्णव अंशांनाच उकळतं, डाळ शिजायची वाट बघत बसशील आणि गॅस संपेल, डाळ नेऊच नकोस) आणि ती भिंत सावकाश वाच. पेटीत पैसे टाक, झाडू मारून निघ. डासांसाठी डोक्यावर घ्यायची जाळी ने. नदीकाठची कुरणं तिथे जवळ आहेत आणि संध्याकाळचे डास खरोखर रडवतात.

गावाच्या पंधराएक किलोमीटर अलीकडे आइस स्लू नावाची पाणथळ जागा लागते, माहितीची पाटी आहे. तिथे गवताच्या जाड थराखाली हिवाळ्यातला बर्फ टिकून राहायचा आणि गाडीवाटेने जाणारे लोक भर उन्हाळ्यात तो खणून काढायचे. पाच मिनिटं उभी राहा तिथे. गावाच्या पुढे डावीकडे, डोंगराच्या माथ्याला बंदुकीच्या नेमाची असावी तशी खाच दिसेल, ती स्प्लिट रॉक. ती कितीतरी वेळ दिसत राहते. मडी गॅपनंतर तर आणखी एक नवल. रस्ता एका खोलगट मुलखातून जातो, ग्रेट डिव्हाइड बेसिन. इथे पडलेलं पाणी ना पॅसिफिकला जातं ना अटलांटिकला. दहा हजार चौरस किलोमीटरचा हा मुलूख, नदी बाहेर जातच नाही, पाणी जिथल्या तिथे मुरतं नाहीतर उडून जातं. म्हणून तुला एकाच दिवसात खंडाचा पाणलोट दोनदा ओलांडल्याच्या पाट्या लागतील.

आणि सेज. उतरून एक पान चुरडून बघ. रुपेरी, टोकाला तीन दात असलेलं. वास आला की तू दचकशील, कारण तो दवण्याचा भाऊबंद आहे. खरंच. आपला जोतिबाला वाहतात तो दवणा आणि हे सेजब्रश, दोन्ही वनस्पतिशास्त्रात आर्टेमिसिया या एकाच कुळीची. पाऊस पडून गेल्यावर तर अख्खा मुलूख कापरासारखा दरवळतो. खायला घालू नकोस हं. बाजारात स्वयंपाकासाठी सेज म्हणून मिळतं ते वेगळं, हे कडू आणि बाधणारं. या झुडपाचं एक मला फार आवडतं. त्याची काही मुळं वरवर पसरलेली, काही खूप खोल गेलेली. रात्री खोलवरच्या ओलीतून खेचून घेतलेलं पाणी ते वरच्या कोरड्या मातीत सोडतं, आणि शेजारची झाडंही त्यातलं पितात. संशोधकांनी १९८७ मध्ये हे मोजून दाखवलं. पन्नास-पन्नास वर्षं जगतात ही झुडपं. म्हणून तंबू ठोकायला एकही उपटू नकोस, मोकळी माती शोध.

प्राँगहॉर्न भेटतील. हरणासारखे दिसणारे, ढुंगण पांढरंशुभ्र. ते तुझ्या बरोबरीने कुंपणाच्या पलीकडून पळतील, मग एकदम वेग वाढवून पुढे निघून जातील. ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटर पळणारं हे जनावर कुंपणावरून उडी मारायला मात्र राजी नसतं, खालच्या तारेखालून सरपटत जातं. पिल्लं सोबत असतील तर तू थांब, त्यांना जाऊ दे.

पंक्चर काढायला येतं ना? ‘येतं’ म्हणजे व्हिडिओ बघितलाय असं नको. मागचं चाक काढून, गियरसकट, अंधारात एकदा काढून-बसवून बघ. निघण्याआधी दुकानातून दोन्ही चाकांचा आऊट काढून घे. रोलिन्सच्या पुढे सिंक्लेअरपासून वॉलकॉटपर्यंत वीसेक किलोमीटर तुला इंटरस्टेट ८० च्या कडेने जावं लागेल, वायोमिंगमध्ये सायकलला तिथे परवानगी आहे. कडा रुंद असते, ट्रक दिसताना भीतिदायक वाटतात पण अंतर राखतात. त्रास असतो तो फुटलेल्या ट्रक-टायरांतून निघालेल्या बारीक पोलादी तारांचा. केसाएवढी तार टायरात घुसते, बाहेरून दिसत नाही, तू ट्यूब बदलतेस आणि दहा मिनिटांत पुन्हा हवा गेलेली. टायर आतून उलटा करून बोटाऐवजी कापसाचा बोळा फिरव. जिथे कापूस अडकेल तिथे तार. भुवया कोरायचा चिमटा सोबत ठेव, त्यानेच ती निघते. खालच्या मुलखात, फोर्ट कॉलिन्सच्या आसपास, सराटे आहेत. आपल्या माळावरचे सराटे तेच, गोखरूचे. सायकल गवतातून ढकलत नेऊ नकोस.

दुपारचे ढग. जून-जुलैत दुपारी ढग चढतात आणि वीज पडते. त्या उघड्या माळावर सगळ्यांत उंच वस्तू तू असतेस. गडगडाट ऐकू आला की सायकल टाक, तिच्यापासून आणि तारेच्या कुंपणापासून लांब हो, सखल जागी झुडपांत पाय जुळवून उकिडवी बस. येणाऱ्या गाडीला हात कर. बंद गाडीइतका चांगला आसरा तिथे दुसरा नाही, आणि तिथले लोक थांबतात. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं, ऊन पडलं तरी.

माणसांचं. आईने वेदांगी कुलकर्णीचं वाचलंय. पुण्याची पोर, २०१८ मध्ये एकटीने जगाला फेरी मारली, स्पेनमध्ये तिला चाकू दाखवून लुटलं, कॅनडात अस्वल मागे लागलं. आईला तेवढंच आठवतं, फेरी पुरी झाली ते आठवत नाही. मी तिला समजावेन, ते माझ्याकडे लागलं. तुझ्याकडे एवढंच: पिकअप थांबवून ‘ठीक आहेस ना’ विचारणारा रँचवरचा म्हातारा बहुतेक खरंच तेवढंच विचारत असतो. त्याला हसून उत्तर दे, पाणी देऊ केलं तर घे. पण ‘एकटीच का’ हा प्रश्न आला तर उत्तर ठरलेलं, ‘नाही, माझी मैत्रीण मागून येतेय’. हे खोटं बोलायला मी तुला पूर्ण परवानगी देते. मनाला जरा जरी खटकलं, तर कारण शोधत बसू नकोस आणि सभ्यपणाही दाखवू नकोस. तिथून नीघ. आज कुठे मुक्काम, हे इन्स्टावर टाकायचं नाही. पोस्ट दोन दिवसांनी. कुंपणापलीकडे झोपायचं नाही, कारण रेल्वेच्या काळातल्या जमीनवाटपामुळे रोलिन्सच्या आसपास एक चौरस मैल सरकारी, लागूनचा पुढचा खाजगी, असा पट पडलाय आणि कुठलं कुणाचं हे रात्री कळत नाही.

उपग्रहावरून निरोप पाठवायचं यंत्र भाड्याने मिळतं, ते घेच. दिवसातून दोन निरोप मला: निघाले, पोचले. संध्याकाळचा निरोप ठरल्या वेळी आला नाही तर सहा तास मी काहीही करणार नाही, हे माझं वचन. त्यानंतर मी फोन लावेन. जेफ्री सिटीपर्यंत फ्रीमाँट काउंटीचा शेरीफ, मडी गॅपपासून साराटोगापर्यंत कार्बन काउंटीचा. दोन्ही नंबर तूच शोधून मला पाठव, तुझ्याही कागदावर लिही. आणि रोलिन्सच्या आधी कुठेही वाटलं की बस झालं, तर हात दाखवून गाडीत बस. सायकल मागे टाकायला तिथल्या लोकांच्या पिकअपमध्ये जागा असते.

साराटोगाला दोन रात्री राहा. गावातलं गरम पाण्याचं कुंड फुकट आहे, रात्रंदिवस उघडं, पाणी चांगलंच कढत, हळूहळू उतर. वॉल्डनला मूस दिसेल, पिल्लू सोबत असेल तर फोटोचा मोह धरू नकोस, ती अंगावर येते. कॅमेरॉनची खिंड ३,१३२ मीटर आहे, पण तिथपर्यंत तुझी फुप्फुसं त्या हवेला सरावलेली असतील. तिथून पुडर नदीच्या काठाने घरापर्यंत बहुतेक उतारच.

येत्या शनिवारी सगळं सामान बांध, सहा लिटर पाणी भर, आणि पुडरच्या दरीत पन्नास किलोमीटर वर, पन्नास खाली करून ये. संध्याकाळी मला फोन कर, आणि कुठे काय दुखलं, किती वेळा उतरलीस, किती पाणी उरलं, ते सगळं सांग.

तुझी,
ताई